गोड बोलायचं नाही

आमच्या घरात गोड बोलणं परक्यांसाठी असतं. दारात पाहुणा आला, मीटर बघायला माणूस आला, की मी इतकी गोड बोलते की मुलगा म्हणतो, "आई, पुरे, मुंग्या लागतील." घरच्या माणसाशी गोड बोलायचं मला कधी सुचलंच नाही. घरच्या माणसाला रागवायचं असतं. जेवला नाही म्हणून, उशिरा आला म्हणून, लवकर येऊन पायात पायात येतो म्हणून. ज्याला मी रागावत नाही त्याचं माझं काही देणंघेणं नाही, असं खुशाल समजावं.

ही रीत काही मी माहेरून आणलेली नाही. माझं माहेर अगदी शांत. भिंतीवरचं घड्याळ सोडलं तर कोणाचा आवाज नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई पहिले काही दिवस माझ्याशी फार मऊ बोलत होत्या. मग एके दिवशी मी ओलं फडकं इस्त्रीच्या कपड्यांवर ठेवलं आणि त्यांनी माझी अशी काही खरडपट्टी काढली की मी मोरीत जाऊन रडत बसले. हे तेव्हा बाहेरच्या खोलीत कोणाचं तरी शिलाई मशीन उघडून बसले होते. तेलाचे हात तसेच घेऊन मोरीच्या दारात आले आणि म्हणाले, "रडतेस कशाला? ती रागावली म्हणजे तू या घरची झालीस. इतके दिवस गोड बोलत होती तेव्हा मलाच काळजी वाटत होती."

आमचे हे शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घराला लागूनच दुकान, दुकान म्हणजे एक टेबल आणि भिंतीला टांगलेले पट्टे. जन्मभर त्यांनी लोकांची मशीन ऐकली. टाका सुटतोय की दोरा तुटतोय हे बघायच्या आधी कान लावून सांगायचे. मला मात्र त्यांनी कधी ऐकलं नाही. मी रागवायची, हे हसायचे, मी आणखी रागवायची. असा आमचा संसार झाला, आणि चांगला झाला. बाहेरच्या माणसाला वाटायचं, या घरात रोज युद्ध पेटतंय. पेटायचं, पण त्यावर आमचा चहा उकळायचा.

सासूबाई गेल्या त्या आठवड्यात त्यांच्या उशाशी सगळी मुलं, सुना जमल्या होत्या. जो तो हळू बोलत होता. पाणी हवं का, उशी नीट करू का, पाय चेपू का. सासूबाईंनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "आज सगळ्यांची तोंडं मधात बुडवून आणलीत वाटतं. म्हणजे मी आटोपले." त्यानंतर त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. सगळं उरकल्यावर हे मला म्हणाले, "माझ्या वेळेला असं करायचं नाही. शेवटपर्यंत रागवायचं. मला कळता कामा नये."

"तुम्हाला कधी काय कळलंय," मी म्हणाले.

आणि मग त्यांची वेळ आली. आधी पाय सुजले. मग जिना चढताना धाप लागायला लागली. मग एका दुपारी टेबलावरच मान टाकली. हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांनी मला आणि मुलाला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय, छातीत पाणी साठतंय, औषधं चालू ठेवू, पण घरी नेण्याची घाई करू नका. घाई करू नका म्हणजे काय, ते मला कळलं. मुलाला कळलं नाही असं त्याने दाखवलं. मी नळाखाली तोंड धुतलं, पुसलं, आणि आत जाऊन म्हणाले, "पाय वर करून पडायला जागा बरी सापडली हो तुम्हाला. घरी मी एकटी ढोरासारखी राबतेय."

नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क होता. त्याच्या आत हे हसले. तेवढ्याने माझ्या पायात बळ आलं.

त्यानंतर रोज माझा तोच उद्योग. सकाळी भेटायच्या वेळी डब्यात सूप घेऊन जायचं आणि खाटेशी उभं राहून तोंडाचा पट्टा सोडायचा. "अहो, तोंड उघडता की स्क्रू ड्रायव्हर आणू घरून?" उघडायचे. "गिळा आता. तोंडात धरून काय त्याला व्याज लागणार आहे?" गिळायचे. "शर्टाचं पहिलं बटण कोणी तोडलं? इथे कुस्त्या खेळता का?" मास्क बाजूला करून म्हणायचे, "या मास्तरांशी." शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शाळामास्तर होते. तेही गालात हसायचे. मी बोलत होते तोवर सगळं नेहमीसारखं होतं, आणि नेहमीसारखं होतं तोवर त्यांना काही कळणार नव्हतं. मला आणखी काही नको होतं. मरण थोपवणं माझ्या हातात नाही हे मला कळत होतं. पण ज्या दिवशी जातील त्या दिवशी ते माझ्या घरातले म्हणून जावेत, पाहुणे म्हणून नव्हे, एवढी माझी धडपड होती.

त्या वॉर्डात एक तरुण सिस्टर होती. आवाज इतका मऊ की दोनदा विचारल्याशिवाय ऐकू यायचं नाही. ह्यांनी तिचं नाव लोणी ठेवलं होतं, आणि तिच्या तोंडावर त्याच नावाने हाक मारायचे. पोरगी कामाला पक्की. सुजलेल्या हातात शीर सापडत नाही म्हणून बाकीच्या दहा ठिकाणी टोचायच्या, ही आधी तो हात आपल्या तळहातात धरून गरम करायची, मग एकदाच सुई घालायची. अंग पुसताना पडदा ओढायला कधी विसरायची नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून ह्यांना कुशीवर वळवायची तेव्हा आधी सांगायची, "आजोबा, आता डावीकडे वळवते हं." मला ती आवडायची. माझी सून अशी असती तर मी तिला रोज रागावले असते.

या लोणीने एके दिवशी मला चादरी ठेवतात त्या खोलीत नेलं. कपाटाशेजारी स्टूल होतं, त्यावर मला बसवलं आणि आपण उभी राहिली.

"आजी, वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "आजोबांच्या खाटेवर ते यंत्र आहे ना, हिरवा आकडा दाखवणारं. ते नाडीचे ठोके आहेत. तुम्ही येऊन बोलायला लागलात की तो आकडा चढतो. मी रोज बघतेय. तुम्ही गेलात की खाली येतो."

"मग?"

"त्यांच्या हृदयाला ते झेपणार नाही. त्यांच्याशी थोडं शांतपणे, प्रेमाने बोलाल का?"

प्रेमाने बोला म्हणून मला सांगायला ही कोण? पण आकडा चढतो हे मीही पाहिलं होतं. माझं लक्ष नव्हतं असं नाही, अर्थ ठाऊक नव्हता.

"आमच्या घरी असंच बोलतात," मी म्हणाले.

"म्हणूनच मी विचारून घेतलं, आजी. आम्हाला तसंच शिकवलंय. घराघराची रीत वेगळी असते, आपल्या मनाने ठरवायचं नाही, घरच्यांना विचारायचं. आजोबांच्या तोंडावर मास्क होता, म्हणून मी तुमच्या मुलाला विचारलं."

"काय म्हणाला?"

ती घुटमळली. "म्हणाले, आई पहिल्यापासून अशीच आहे. बाबा बिचारे सगळं सहन करतात."

सहन करतात. हा शब्द मला लागला. पोटचा पोरगा, याच घरात वाढला, माझ्या शिव्या खाऊनच एवढा मोठा झाला, आणि त्याने काय पाहिलं, तर बाप सहन करतो. कदाचित त्याला हॉस्पिटलात लोकांसमोर माझ्या तोंडाची लाज वाटली असेल. मास्तरांच्या मुलीने मी आल्यावर एकदोनदा कानात बोटं घातली होती, तेही त्याने पाहिलं असेल. पण त्या दिवशी मी इतका पुढचा विचार केला नाही. स्टुलावर बसल्या बसल्या माझ्या मनात एकच भरलं, की माझ्या तोंडाने त्यांचं काळीज झिजतंय. इतकी वर्षं झिजत आलंय, आणि आता उरलंसुरलं मी रोज सकाळी सूप पाजता पाजता संपवतेय.

रीत मला ठाऊक होती. त्यांनी काय सांगून ठेवलं होतं तेही ठाऊक होतं. पण ते धडधाकट होते तेव्हाचं बोलणं होतं ते, आणि हिरवा आकडा समोर होता.

दुसऱ्या दिवशी मी खाटेशी गेले आणि म्हणाले, "कसं वाटतंय आज?"

ह्यांनी मान उचलून माझ्या मागे बघितलं. मी कोणाशी बोलतेय ते बघत होते.

मी डबा उघडला. चमचा पुढे केला. त्यांनी नेहमीसारखं तोंड मिटून घेतलं आणि वाट बघत राहिले. माझी पाळी होती. मी मूग गिळून उभी. शेवटी म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही. नको असेल तर राहू दे हं," मी म्हणाले.

हे 'हं' माझ्या तोंडात कुठून आलं मला ठाऊक नाही. मी चमचा डब्यात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बघतच राहिले. मशीन उघडण्याआधी ते असेच काही वेळ नुसतं बघायचे.

"डॉक्टर काही म्हणाले का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो. तुम्ही आराम करा."

"बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "तूही दमली असशील. बस ना."

मी बसले. जन्मात त्यांनी मला कधी बस म्हटलं नव्हतं. मी आपली आपण बसायची, नाहीतर उभ्यानेच बोलायची. त्या दिवशी आम्ही समोरासमोर बसलो आणि ओळख नसलेली माणसं बाकावर बसून बोलतात तसं बोललो. आज गरम आहे. हो, आहे खरं. पंखा लागतो का? लागतो, लागतो. मुलगा येणार आहे संध्याकाळी. येऊ दे. माझ्या जिवाची नुसती तगमग होत होती. हिरवा आकडा मात्र जागचा हलला नाही. लोणी दारातून डोकावली, आकड्याकडे बघितलं, आणि मला समाधानाने मान हलवून दाखवली.

मी आणखी काही दिवस गोड बोलले. त्या दिवसांत ह्यांनी आवराआवर केली. मुलाला जवळ बसवून, दुकानात कोणाकोणाची मशीन पडून आहेत, कोणत्याचं चाक आणायचं राहिलंय, कोणतं नुसतं तेल घालून परत द्यायचं, ते सगळं हळूहळू सांगितलं. मास्तरांना म्हणाले, "माझा त्रास झाला असेल तर माफ करा." लोणीला लोणी म्हणायचं सोडून सिस्टर म्हणायला लागले. सूप चमचाभर घ्यायचे, माझं मन राखायला, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायचे. मी गेले की म्हणायचे, "आलीस? बरं केलंस." निघाले की म्हणायचे, "सांभाळून जा." इतकी वर्षं ज्या माणसाने माझं एक वाक्य सरळ घेतलं नव्हतं, तो मला सांभाळून जा म्हणत होता. घरी येऊन मी स्वयंपाकघरात भांड्यांवर राग काढायची. भांडी तरी आवाज करायची.

मुलगा मला म्हणाला, "आई, बाबा किती शांत झालेत बघ." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यालाही मी तेव्हा रागावले नाही. माझं रागावणंच आटलं होतं.

मग एका सकाळी लोणी वॉर्डाच्या बाहेर जिन्यापाशीच माझी वाट बघत उभी होती. डोळे सुजलेले. मला वाटलं, संपलं. भिंतीला हात लावून उभी राहिले.

"नाही, नाही, आजी, ते आहेत," ती घाईघाईने म्हणाली. "मला तुमच्याशी बोलायचंय. माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"आज त्यांची नखं कापत होते. मास्क जरा काढला होता. मी म्हटलं, आजोबा, जेवत का नाही, कुठे दुखतंय का? तर म्हणाले, 'दुखत नाही. हिने सांगितलं मला.' मी म्हटलं, आजींनी काय सांगितलं? मला वाटलं, डॉक्टरांचं बोलणं तुम्ही सांगितलंत. तर म्हणाले, 'ती म्हणाली, नको असेल तर राहू दे.'"

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"मग त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं," ती म्हणाली. "मधात बुडवलेल्या तोंडांचं. आणि म्हणाले, 'आमच्याकडे माणूस हाताबाहेर गेला की गोड बोलतात. तिने बिचारीने खूप दिवस ओढलं.' आजी, तुम्ही आलात की तो आकडा चढायचा ना, तो त्रास नव्हता. ते तुमची वाट बघत असायचे. मी आकडा बघितला, त्यांचं तोंड नाही बघितलं."

मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या, खोटं कशाला सांगू. आकडा बघून ही मला शहाणपण शिकवायला आली, आणि मी वेडी ते शिकले. पण चूक लपवायची सोडून ती जिन्यापाशी माझी वाट बघत उभी राहिली होती.

"तुला असं का वाटलं, की त्यांना त्रास होतोय?" मी विचारलं.

"आमच्या घरी आवाज चढला की पुढे काय होतं ते ठरलेलं होतं," ती म्हणाली. "आई आणि मी खोलीचं दार आतून लावून बसायचो. तुम्ही बोलायला लागलात की माझ्याच छातीत धडधडायचं. मला वाटलं, आजोबांनाही तसं दार लावून बसायचं असेल, पण उठता येत नाही. मी रीत विचारली, पण त्यांना नाही विचारली. मास्क दोन मिनिटं काढता आला असता."

मी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. जरा वेळाने विचारलं, "मग आता काय करू?"

"रागवा त्यांना."

"म्हणजे औषधासारखं? सकाळ-संध्याकाळ?"

"आकडा चढला तर चढू दे," ती म्हणाली. "डॉक्टरांशी मी बोललेय. मास्तरांच्या मुलीलाही मी समजावून सांगते."

मी तोंडावरून रुमाल फिरवला आणि आत गेले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी कंबरेवर हात ठेवला आणि म्हणाले, "अहो, भिंतीला काय सोनं लागलंय? इकडे बघा. डबा काय मी मिरवायला आणते?"

ते वळले. माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत.

"राहू दे गं," म्हणाले. "त्या पोरीने सांगितलं ना तुला?"

"कोण पोरगी? मला कोण सांगणार?"

"तुझा आवाज मला ओळखू येत नाही होय? हा खरा नाही." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू केलंस तेवढं पुष्कळ झालं. आता बस."

मी बसले. एकदा कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही, हे मला त्या खुर्चीत बसून समजलं. मी जे इतके दिवस धरून ठेवलं होतं ते माझ्याच हातून सुटलं होतं, तेही चांगुलपणाने, आणि आता कितीही घसा फोडला तरी ते परत येणार नव्हतं. मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं म्हणून मी डब्याचं झाकण लावत बसले. ते लागलेलंच होतं.

मग हे म्हणाले, "तुझं ते जुनं काळं मशीन आहे ना, ते माझ्या धाकट्या भावाच्या सुनेला द्यायला सांगितलंय मी."

"कोणतं?"

"तुझं. खिडकीपाशी आहे ते."

ते मशीन त्यांनी लग्नानंतर दोन मोडक्या मशीनचे भाग जोडून माझ्यासाठी केलं होतं. त्यावर मी लोकांचे पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, मुलाचे शाळेचे शर्ट शिवले.

"कोणाला विचारून?" मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात. तुला आता सुई ओवताना दिसत नाही."

"मला दिसत नाही?" मी उठलेच. "तुमच्या सदऱ्याला परवा काज कोणी केलं, शेजारणीने? अहो, त्या पोरीला साधी गाठ मारता येत नाही, आणि तिच्या घशात माझं मशीन घालता? मी काय मेले की काय? माझ्या वस्तू वाटायला तुम्हाला कोणी सांगितलं? जन्मभर लोकांची मशीन फुकट दुरुस्त करून दिलीत, आता बायकोचं फुकट वाटायला निघालात."

"तिला गरज आहे."

"आणि मला नाही? तुमच्यामागे मी काय करायचं, भिंती बघायच्या?"

हे वाक्य तोंडातून गेलं आणि मी थांबले. पण त्यांचं तोंड पसरलं होतं. मास्कच्या आत दात दिसत होते. "आता आलीस वळणावर," ते म्हणाले. मला आजही सांगता येणार नाही, की त्यांनी मशीनचं खरंच ठरवलं होतं की मला मुद्दाम डिवचलं होतं. हिरवा आकडा उड्या मारत होता. लोणी वॉर्डाच्या दारात उभी होती. तिने आकडा पाहिला आणि पाठ फिरवून मास्तरांच्या खाटेची चादर नीट करायला लागली.

भेटायची वेळ संपेपर्यंत मी त्यांना सोडलं नाही. धाकट्याची सून, त्याआधी धाकटा, त्याआधी लग्नात मिळालेला आणि त्यांनी परस्पर कोणाला तरी देऊन टाकलेला आरसा, सगळं काढलं. ते मध्ये मध्ये एकेक शब्द टाकायचे आणि मी परत पेटायची. त्या नादात सूप पाव डबा गेलं. निघताना मी म्हणाले, "हे संपलेलं नाही. आरशाचं उरलंय. सकाळी येते."

"ये," ते म्हणाले.

सकाळी मी सूप गाळत होते तेव्हा फोन आला. बोलणारी लोणीच होती. म्हणाली, लवकर या. मुलाने गाडी काढली. रस्त्यात एक ट्रक आडवा झाला होता, तिथे अडकलो. मुलगा हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि मी डबा मांडीवर धरून. डबा कशाला घेतला होता मला माहीत नाही. आम्ही पोचलो तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि ते यंत्र बंद केलेलं होतं.

लोणी पडद्याबाहेर उभी होती. मुलगा आत गेला. मी बाहेरच थांबले.

"जवळ कोण होतं?" मी विचारलं.

"मी होते. हात धरून बसले होते. फार वेळ लागला नाही, आजी, श्वास हळूहळू लांब होत गेला." ती खाली बघत होती. "तुम्ही वेळेवर पोचणार नाही असं मला वाटायला लागलं. मग मी रागावले त्यांना."

"तू?"

"हो."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, आजोबा, असं काय करता, आजी वाटेत आहेत ना."

"हे रागावणं झालं?"

"मला तेवढंच आलं."

"मग?"

"त्यांनी डोळे उघडले. म्हणाले, 'लोणी, तुला येत नाही.'" तिने पडद्याची कड सरळ केली. "मग नाहीच काही बोलले."

माझ्या घशातून जे आलं ते हसणं होतं की काय होतं, मला ठाऊक नाही. मी पडदा बाजूला केला. ह्यांचं तोंड स्वच्छ पुसलेलं होतं, चादर छातीपर्यंत सारखी ओढलेली. केसही विंचरले होते, पण भांग उलट्या बाजूला पाडला होता. तो मी बोटांनी नीट केला. मुलगा पायांशी डोकं टेकून बसला होता.

"इकडे ये," मी लोणीला म्हणाले. ती आली. "नीट बघून घे. असं रागवायचं असतं."

आणि मी कंबरेवर हात ठेवला. "अहो, काही लाजबीज आहे का? मी सकाळी येते म्हणाले होते ना? म्हणाले होते की नाही? रात्रभर मी आरशाचं जुळवत पडले, काय काय बोलायचं ते, आणि तुम्ही भांडण अर्ध्यावर टाकून निघालात? कोणाला विचारून निघालात? आता उरलेलं मी कोणाशी भांडू?"

माझा आवाज आहे तो आहे. वॉर्डाच्या पार टोकापर्यंत गेला. हा अगदी खरा होता. त्यांनी लगेच ओळखला असता.

रागावताना मी मध्ये थांबते. त्यांना उलट बोलायला तेवढी जागा लागते. तशी मी थांबले, आणि बराच वेळ थांबून राहिले.